दुसऱ्याच्या राजकीय लेखावर बोलताना: इंदूरच्या आमच्या बैठकीला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, आम्ही दहा-बारा जण रामबागेत एकाच्या घरी जमतो. प्रत्येक जण चालू घडामोडींवर मराठीत काही ना काही लिहितो. आठवडाभर आधी लेख एकमेकांना पाठवतो आणि रविवारी पोह्यांवर शेव-जीरावण घालून एकमेकांची सालं काढतो. दर वेळी एखादा नवा माणूस येतो आणि तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. उत्तरं माझी आहेत. ती सगळ्यांना मान्य नाहीत. दोघांनी तर मसुदा वाचून 'हे तू आमच्या नावावर खपवू नकोस' असं स्पष्ट सांगितलं आहे.

तुमची बैठक कोणत्या पक्षाची?

'कोणत्याच नाही' असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. तिघे उघड भाजपचे, एक काका जुने काँग्रेसी, एक आजोबा समाजवादी होते आणि आता कोणाचेच नाहीत, दोन मुली स्पर्धा परीक्षेची तयारी करता करता सगळ्याच पक्षांवर वैतागलेल्या. उरलेले दर निवडणुकीत कुंपणावर बसतात आणि निकालानंतर 'मी म्हणालोच होतो' असं लिहितात. या शेवटच्या लोकांचे लेख तपासायला सर्वांत अवघड.

लेख चांगला की वाईट हे ठरवता कशावरून? मला पटला तर चांगला, एवढं पुरे नाही का?

पुरे नाही. पटलेला लेख आपण तपासतच नाही, खरी गोम तिथेच आहे. एक उदाहरण सविस्तर सांगते.

जून २०२४ च्या बैठकीला एकाच आकड्यावर तीन लेख आले होते. आकडा होता २,१८,६७४. इंदूर लोकसभेत 'नोटा'ला पडलेली मतं. पार्श्वभूमी तुम्हाला आठवत असेल: २९ एप्रिलला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसचे उमेदवार अक्षय बम यांनी माघार घेतली आणि ते भाजपमध्ये गेले. रिंगणात काँग्रेस उरलीच नाही, म्हणून पक्षानं 'नोटा दाबा' असं आवाहन केलं. १३ मेला मतदान झालं. भाजपचे शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मतं मिळाली आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या बसपच्या उमेदवाराला ५१,६५९. फरक ११,७५,०९२ चा.

पहिल्या लेखाचं म्हणणं, शहरानं काँग्रेस कायमची गाडली. दुसऱ्याचं म्हणणं, सव्वादोन लाख लोकांनी दलबदलूपणाला सणसणीत चपराक दिली. दोन्ही लेख झकास वाचले गेले, दोघांनाही आपापल्या बाजूनं टाळ्या पडल्या.

तिसरा लेख आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीचा. तिनं २०१९ चे आकडे शेजारी मांडले. तेव्हा लालवानी यांना १०,६८,५६९ आणि काँग्रेसला ५,२०,८१५ मतं होती. मग तिनं साधा प्रश्न विचारला: नोटाची सगळी मतं काँग्रेसचीच होती असं धरलं, तरी काँग्रेसची तीन लाखांवर मतं शिल्लक राहतात, ती कुठे गेली? लालवानींची मतं १,५८,१८२ नं वाढली, मतदानाचा टक्का मात्र घसरला. म्हणजे काही लोक घरी बसले असावेत, काही पलीकडे गेले असावेत. पण पाच वर्षांत मतदारयादीही बदलते, तेव्हा कोण कुठे गेलं हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. तिनं लेख तिथेच थांबवला.

काँग्रेसी काका म्हणाले, 'बेटा, हा लेख नाही, किराण्याची वही आहे.' सगळे हसले, तीही हसली. पण त्या दिवशीचा सर्वांत चांगला लेख तोच होता असं माझं आजही मत आहे. पहिल्या दोघांना आपलं म्हणणं आकडा हातात येण्याआधीच ठाऊक होतं. हिला आकडा हातात आल्यावर प्रश्न पडला.

अर्थात तिच्याही लेखाला मथळा होता 'नोटाचा विजय', आणि तो चूक होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं नोटाचं बटण आलं, पण लोकसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी पुढच्या उमेदवारालाच निवडून आलं असं धरतात. मथळा बदलायला लावला. आणखी एक गंमत: नोटाचा आधीचा विक्रम २०१९ मधला, बिहारच्या गोपालगंजचा, ५१,६६०. बसपच्या मतांहून बरोब्बर एकानं जास्त. पहिल्या लेखात या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती आणि ती आमच्यापैकी नऊ जणांच्या नजरेतून सुटली.

बोलण्याचा काही क्रम, काही नियम आहे का?

एकच नियम आहे. लेखावर टीका करण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि लेखकानं 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. आपल्याकडे शास्त्रार्थात याला पूर्वपक्ष म्हणायचे. आधी समोरच्याची बाजू नीट मांडा, मग खंडन.

नियम सोपा वाटतो. पाळताना घाम फुटतो. आमचे एक सदस्य दर वेळी सुरुवात करतात, 'लेखकाचं म्हणणं असं की, देश विकून टाकावा...' मग त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतो. एकदा चार वेळा लावलं. चौथ्या वेळी ते थबकले आणि म्हणाले, 'थांबा, यातलं अर्धं तर मलाही मान्य आहे.' त्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधायला होतो तो वाद, जिंकायला होतो तो जल्प, आणि स्वतः काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडायला होते ती वितंडा. आजोबांच्या मते आमच्या बैठकीत तिन्ही असतात, आणि पोहे संपल्यावर फक्त तिसरी उरते.

आकडे आणि बातम्या तपासता कुठे?

जिथून निघाल्या तिथे. निवडणुकीचे आकडे निवडणूक आयोगाकडे मिळतात, आणि मतदान केंद्रवार निकाल हवा असेल तर 'फॉर्म २०' पाहायचा. आपल्या मोहल्ल्यात काय झालं हे टीव्हीवाल्यापेक्षा तो कागद चांगलं सांगतो. संसदेत कोण काय बोललं याचं इतिवृत्त लोकसभा-राज्यसभेच्या संकेतस्थळांवर असतं. कायद्याबद्दल लिहायचं तर राजपत्रातला मजकूर वाचा, बातमीतला सारांश नको.

अर्थसंकल्पावरच्या लेखात आम्ही एक गोष्ट हटकून बघतो. एकाच खात्याचे तीन आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. गेल्या वर्षीचा सुधारित घेऊन यंदाच्या अंदाजाशी ताडला की तरतूद वाढलेली दिसू शकते, अंदाजाशी अंदाज ताडला की घटलेली. दोन्ही पक्षांचे प्रवक्ते सोयीची जोडी उचलतात आणि आपण ती तशीच लेखात उतरवतो. टक्के आणि टक्क्यांचे अंक यांचीही गल्लत होते. महागाई ४ टक्क्यांवरून ६ वर गेली तर ती दोन अंकांनी वाढली, पण पन्नास टक्क्यांनी वाढली असंही कोणी लिहू शकतो, आणि ते खोटं नसतं. फक्त का लिहिलं ते विचारायचं.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा तर उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. लेख तेवढा थांबू शकत नसेल तर त्यात तेवढा दावा करू नये.

दुसऱ्याचा लेख पुढे पाठवताना काय पाळायचं?

नाव कापायचं नाही. तारीख कापायची नाही. मधला परिच्छेद उचलून त्याचा फोटो फिरवायचा नाही. आणि का पाठवतो आहोत त्याच्या दोन ओळी आपल्या लिहायच्या: 'यातला पाण्याचा मुद्दा पटला, शेवट पटला नाही' इतकं चालेल. नुसतं 'जरूर वाचा' लिहून पाठवणारे माझ्या लेखी हमाल आहेत, आणि हमालसुद्धा ओझ्यावरचा पत्ता वाचतो.

टीकेसाठी दुसऱ्याच्या लेखातला उतारा देता येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ त्याला मोकळीक देतं. उतारा म्हणजे उतारा, अख्खा लेख नव्हे.

मित्राच्या लेखावर खरं बोलायचं तरी कसं? रोज भेट होते.

याचं उत्तर आमच्याकडे नाही. विरोधकाचा लेख सोलणं सोपं असतं. आपल्याच बाजूच्या, आपल्याच गल्लीतल्या, आपल्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभ्या राहिलेल्या माणसाला 'तुझा तिसरा परिच्छेद खोटा आहे' असं सांगणं अवघड. माझ्या पाहण्यात बैठका याच जागी बिघडतात: एका बाजूचे लोक एकमेकांना 'वा, क्या बात है' म्हणतात आणि सगळी धार पलीकडच्यांसाठी राखून ठेवतात.

आम्ही एक उपाय करून पाहिला. ज्या पक्षाचा लेख, त्याच पक्षाच्या माणसानं त्यावर पहिलं बोलायचं. भाजपवाल्याच्या लेखातली चूक भाजपवाल्यानंच काढायची. पहिल्या महिन्यात भयाण शांतता होती. दुसऱ्या महिन्यात एक काकू खाकरल्या आणि आपल्याच नवऱ्याच्या लेखाकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'अहो, ही बातमी तुम्ही कुठे वाचलीत? मी पण तोच पेपर वाचते.' तेव्हापासून गाडी रुळावर आहे.

काल एक म्हणालो, आज दुसरं वाटतं. मत बदललं तर?

बदला, पण सांगून बदला. आमच्या एका सदस्यानं २०१३ मध्ये ए. बी. रोडवरची बीआरटीएस (बससाठीची वेगळी मार्गिका) सुरू झाली तेव्हा 'इंदूर आता खरं महानगर' असा लेख लिहिला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं ती काढायला मोकळीक दिल्यावर त्यांनीच लिहिलं, 'ही चूक होणार हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं.' त्यांच्या दुर्दैवानं जुना लेख एकीनं जपून ठेवला होता. त्यांनी मग तिसरा लेख लिहिला: बारा वर्षांपूर्वी त्यांना काय दिसलं होतं, काय दिसलं नव्हतं, आणि गाडीतून जाणाऱ्याला रस्ता वेगळा कसा दिसतो, बसमधून जाणाऱ्याला वेगळा कसा. तिन्हींत तोच वाचण्याजोगा.

मराठी माणूस म्हणून मराठी नेत्यावर टीका टाळावी का?

हा प्रश्न इंदूरमध्ये आडवळणानं विचारला तरी रोख कुणाकडे असतो ते कळतं. सुमित्रा महाजन १९८९ ते २०१४ सलग आठ वेळा इथून खासदार झाल्या. पहिल्याच वेळी त्यांनी माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवलं, आणि २०१४ ते २०१९ त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. आमच्या अर्ध्या घरांत त्या नुसत्या 'ताई'. त्यांच्यावरचा कडक लेख बैठकीत आला की आधी कोणीतरी म्हणतंच, 'आपल्याच माणसाबद्दल असं?'

माझं उत्तर: मतदार इंदूरचा, आणि तो बहुतेक मराठी नाही. त्यानं आठ वेळा निवडून दिलं ते खासदाराला. मग तपासायचं तेही खासदाराचं काम. पण प्रशस्तीपर लेखालाही तीच फुटपट्टी लावायची, हे टीकाकार सोयीनं विसरतात.

माझी मराठी हिंदीमिश्रित आहे. चालेल?

चालेल. आमची सगळ्यांचीच तशी आहे. इथे चार पिढ्या मराठी घरात आणि हिंदी शाळेत गेल्या. पेपर हिंदी, दुकान हिंदी, भांडण हिंदी. इंदूरचं हिंदी वाचन नईदुनियानं घडवलं, आणि त्याचे संपादक राहुल बारपुते मराठीच होते. त्या पेपरातल्या वाचकांच्या पत्रांच्या स्तंभात वाद घालायला शिकलेले लोक आमच्यात आहेत. तेव्हा हिंदीची लाज वाटायचं कारण नाही.

धोका आहे तो दोन्हीकडे दिसणाऱ्या शब्दांचा, आणि राजकीय लिखाणात ते नेमके जास्त येतात. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, मराठीत शोधकार्य. आमच्या एका लेखात 'सरकार संविधानात संशोधन करत आहे' असं आलं. पुण्याच्या भाचीनं विचारलं, 'कुठल्या विद्यापीठात?' 'विपक्षाला आपत्ती आहे' हे वाचून मराठी वाचक पूर-भूकंप शोधत बसेल. आपल्याला म्हणायचं असतं, विरोधी पक्षाचा आक्षेप आहे. हिंदीत 'शिक्षा' शाळेत मिळते, मराठीत तुरुंगात. आणि 'राजीनामा'! इथल्या कोर्टात राजीनामा झाला म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड झाली. मराठीत राजीनामा झाला म्हणजे मंत्री गेला. एकदा या एका शब्दावर तासभर भांडण झालं आणि शेवटी कळलं, दोघं वेगवेगळ्या बातम्यांबद्दल बोलत होते.

विधायकाला आमदार, सांसदाला खासदार, पार्षदाला नगरसेवक असं आम्ही लिहितो. कलेक्टरला मात्र कलेक्टरच.

इथे राहून महाराष्ट्राच्या राजकारणावर लिहावं का?

लिहितात सगळे. २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी, तेव्हा वर्षभर दुसरा विषयच नव्हता. मराठी वाहिन्या बघून लिहिलेले ते लेख एकसारखे होते, आणि इंदूरच्या माणसानंच ते का लिहावेत हे त्यात कुठेच दिसत नव्हतं. मी असले लेख भराभर चाळते.

लिहिल्याबद्दल केस होऊ शकते का?

होऊ शकते. बदनामी हा आपल्याकडे अजूनही फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा समाजसेवा अशी शिक्षा त्यात आहे. सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेनं दिलेलं मत हा जुन्या कायद्यापासूनचा अपवाद आहे, तो टिकून आहे. म्हणून मत आणि आरोप वेगळे ठेवा. 'हा निर्णय मूर्खपणाचा आहे' हे मत. 'यात पैसे खाल्ले' हा आरोप, त्याला कागद लागतो.

आणि कागदही तपासावा लागतो. टिळक-आगरकरांचं नाव बैठकीत कोणी ना कोणी काढतंच, बहुतेक वेळा 'मतभेद कसे असावेत' हे सांगायला. मला त्यांची १८८२ ची गोष्ट जास्त कामाची वाटते. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो म्हणून दिवाण बर्व्यांविरुद्ध त्यांनी काही पत्रांच्या आधारे लिहिलं. पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू चांगला होता, तळमळ खरी होती, आणि पत्रं खोटी होती. आज अशी 'पत्रं' आपल्या फोनवर रोज सकाळी येतात.

निवडणुकीत आणखी एक लक्षात ठेवा: मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचारावर बंधन असतं, आणि ठरवून दिलेल्या काळात एक्झिट पोल प्रसिद्ध करायला मनाई असते. सणासुदीला कलेक्टरही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ (जुन्या १४४) खाली मनाईचे आदेश काढू शकतात. माहितीसाठी २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाचं नाव घेऊन ठेवते. ऑनलाइन आक्षेपार्ह लिखाणाला शिक्षा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ त्यानं रद्द झालं. 'त्या कलमाखाली आत टाकू' अशी धमकी कोणी दिली तर एवढं ठाऊक असावं.

मी सरकारी नोकरीत आहे.

मग ऐकायला या. मध्य प्रदेशच्या कर्मचाऱ्यांना १९६५ चे आचरण नियम लागू आहेत, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे. सरकारी धोरणावर जाहीर टीकेला दोन्हींत बंदी आहे. टोपणनावानं लिहू का, असं विचारू नका. बैठकीतले सगळे तुमची शैली ओळखतात.

भांडण झालं तर?

होतंच. एकदा एक जण अर्धे पोहे टाकून उठून गेले. आम्ही फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. पाचव्या महिन्यात त्यांचा लेख आला, त्या भांडणातल्याच विषयावर, आणि त्याची सुरुवात समोरच्याच्या म्हणण्यापासून होती, अगदी त्याच्याच शब्दांत. ज्याच्याशी भांडले होते त्यानं वाचून एवढंच विचारलं, 'भिया, रविवारी येतोयस ना?'

येताना काय आणायचं?

लेखाच्या दोन छापील प्रती, अक्षर मोठं, कारण आजोबांचा चष्मा फोनवर चालत नाही. हजार शब्दांच्या वर नको. आणि शेव आणू नका, ती यजमानांकडेच असते. आणली तर मग तिच्यावरच चर्चा होते.